ओव्हाळांची काळी स्लाइड

आमच्या कंपनीतून आजवर एकच माणूस उत्तर ध्रुवाच्या अंगाला गेला, आणि तो मी नव्हतो. हे वाक्य इतक्या शांतपणे लिहायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात घरात कुणी फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला तरी माझं डोकं तापत असे.

गेले ते भास्कर ओव्हाळ. कंपनी म्हणजे पुण्याजवळ धायरीतली एक लांबोडकी पत्र्याची शेड. पुढे रस्ता, मागे कोथिंबिरीचे वाफे. तिथे आम्ही हवामान मोजायची यंत्रं बनवत असू. पाऊस किती पडला, वारा किती सुटला, पारा किती उतरला, हे सांगणारी. ओव्हाळ आणि मी एकाच महिन्यात नोकरीला लागलो आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो. आमच्यात फरक म्हणाल तर एकच. मी बारा महिने गार पाण्याने आंघोळ करणारा, आणि ओव्हाळ बारा महिने थंडीने कुडकुडणारे.

गणपती गेले की त्यांचा स्वेटर येई. मरून रंगाचा, बिनबाह्यांचा, रंगपंचमीपर्यंत अंगावरून न उतरणारा. डिसेंबरात त्याच्या जोडीला माकडटोपी. चहाचा ग्लास आला की तो दोन्ही तळव्यांत धरून बसत. पिण्याची घाई नाही. चहा गार झाला की मगच पीत, कारण तोवर त्याचा खरा उपयोग संपलेला असे. पंख्यावरून तर आमचं रोजचं युद्ध. मी येऊन तो तीनवर करायचा, त्यांनी उठून एकवर आणायचा. बोलायचं कुणीच नाही.

यंत्र दुरुस्तीला आलं की ओव्हाळ पहिल्यांदा दोन्ही हात पँटच्या खिशात घालत. मग यंत्राभोवती फिरून, वाकून, मान तिरकी करून बघत राहत. "आधी बघू द्या. हात घातला की माणसाचं बघणं थांबतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी रीत वेगळी. खोकं उघडायच्या आधी माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर असे, आणि यंत्र जोडून झाल्यावर टेबलावर एखादा स्क्रू उरलेला असे. ओव्हाळ तो दोन बोटांत धरून विचारत, "आपटे, हा कंपनीचा, का घरून आणलात?"

खुलं धोरण आलं त्या काळातली गोष्ट. देशाची दारं उघडली असं पेपरात येत होतं. आमच्या शेडचं दार तसंही नीट लागत नव्हतं, त्यातून एक दिवस हॅरिस नावाचा परदेशी पाहुणा आत आला. त्याच्या कंपनीला वारा मोजणारं यंत्र हवं होतं, ते तीन वाट्या गरगर फिरतात तसलं. कशासाठी? तर कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, नकाशात जिथे छापणाऱ्याची शाई संपते तिथे, एक लष्करी तळ आहे. गाव नाही, झाड नाही. थोडे सैनिक, थोडे शास्त्रज्ञ, एक धावपट्टी आणि महिनोन् महिने सूर्याची रजा. तिथल्या खांबावर आमचं यंत्र बसणार होतं. कारण एकच, ते स्वस्त होतं. आमचे मालक करंदीकर मात्र 'स्पर्धात्मक' असं म्हणत. आणि यंत्राबरोबर बसवायला एक माणूस जायचा होता.

मला दुसरं काही सुचेना. लहानपणापासून मी शनिपाराच्या पलीकडे मोठा प्रवास केला होता तो फक्त लग्नाच्या वऱ्हाडातून. मी ताबडतोब पासपोर्टच्या मागे लागलो. फोटो काढताना गंभीर दिसावं म्हणून मी क्षितिजाकडे बघितलं, तर फोटोवाला म्हणाला, "काका, इकडे बघा, तिकडे संडास आहे."

हॅरिसने आम्हा दोघांना बोलावून विचारलं, थंडीचं कसं? मी छाती पुढे काढून म्हणालो, "नो प्रॉब्लेम! एव्हरी डे कोल्ड बाथ!" ओव्हाळ माकडटोपीतून म्हणाले, "साहेब, मी थंडीला घाबरतो." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासाठी पंखा एकवर केला.

मग परीक्षा. मांजरी गावाच्या पुढे एका आइस्क्रीमवाल्याचं शीतगृह होतं, तिथे आमचं यंत्र उघडून, तार जोडून, पुन्हा बंद करायचं होतं. आइस्क्रीमवाला अगत्याचा. त्याने आत जाण्यापूर्वी सगळ्यांना आंब्याचं आइस्क्रीम दिलं. ओव्हाळांनी हात जोडले. मी त्यांचंही खाल्लं, बोटं चाटली आणि आत शिरलो. हॅरिसने हातमोजे पुढे केले. मी म्हणालो, "मोज्यांनी कामाची मजा जाते."

यंत्राची पेटी ॲल्युमिनियमची होती. मी ती उचलली आणि माझं ओलं बोट तिला चिकटलं. ओढलं, बोट सुटेना. आणखी जोरात ओढलं, तर यंत्रच अंगावर आलं. आइस्क्रीमवाल्याची माणसं बघत होती. हॅरिस बघत होता. ओव्हाळही बघत होते, अर्थातच हात खिशात घालून.

"आपटे, ओढू नका. सालपट निघेल," ते म्हणाले. सावकाश बाहेर गेले, स्वतःचा कोमट झालेला चहा घेऊन आले आणि माझ्या बोटावर धार धरली. बोट सुटलं. वर म्हणाले, "साखर कमी आहे. मुंग्या लागणार नाहीत."

हॅरिसने तिथल्या तिथे निकाल दिला. त्या जागी न घाबरणाऱ्यांची बोटं जातात, म्हणाला, मला घाबरणारा माणूस हवाय.

पुढचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. सगळं पुणं ओव्हाळांना गरम कपडे पुरवत होतं. माझ्या बायकोने, मंगलने, त्यांच्यासाठी लोकरीचे पायमोजे विणले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तिने कधी रुमालसुद्धा विणला नव्हता. मी तसं बोलून दाखवल्यावर ती टाका न चुकवता म्हणाली, "तुम्हाला कुठे थंडी वाजते? सकाळी न्हाणीघरातून ओरडता ते आनंदानेच ना?"

निघायच्या दिवशी मी ओव्हाळांना माझा कॅमेरा दिला. त्यात औदार्य नव्हतं. निदान माझं काहीतरी तिथे जावं, इतकाच हेतू. स्लाइडचा रोल आत घालून दिला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "पुरावा आणा हो, ओव्हाळ. नाहीतर लोणावळ्याला राहून याल आणि सांगाल ध्रुव बघितला."

सगळे हसले. ओव्हाळांनी कॅमेरा स्वेटरच्या आत ठेवला आणि म्हणाले, "आणतो."

ते परत आले आणि माझ्या हालांचा खरा अध्याय सुरू झाला. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, शाळा, व्याख्यानमाला, सगळ्यांना ओव्हाळ हवे झाले. आणि स्लाइड दाखवायचं यंत्र चालवायला कोण? "आपटे, तुम्ही याल का? तुमच्याइतकं ते यंत्र कुणाला समजत नाही," असं त्यांनी म्हटलं आणि मी फसलो. पत्रिकेवर त्यांचं नाव ठळक. माझं नाव नाहीच. श्रीफळ त्यांना, शाल त्यांना. वायरीची गुंडाळी करायला मी. शाली मात्र ते लगेच पांघरत, हे खरं.

व्याख्यान कसं देत? हात खिशात घालून. त्यांना तिथे पोचायला उशीर झाला होता. परवाने, विमान, हवा, अशा एकेका कारणाने. ते उतरले तेव्हा सूर्य हंगामापुरता बुडून गेला होता. सगळा मुक्काम अंधारात. त्यामुळे निळं आभाळ, चमचमता बर्फ, पांढरा ससा या स्लाइड तिथल्या एका सैनिकाने उन्हाळ्यात काढलेल्या, त्याने भेट दिलेल्या. ओव्हाळ प्रत्येक स्लाइडला प्रामाणिकपणे सांगत, "हा फोटो माझा नाही." पण बाया-माणसं सशाकडे बघत हरखलेली असत. कोण ऐकतो?

शेवटी ते म्हणत, "आणि हा एक मी काढलेला." मी बटण दाबायचो. पडदा काळाकुट्ट.

मग मागून कुणीतरी हमखास ओरडे, "अहो ऑपरेटर, दिवा गेला!" मी धडपडत उठून सभागृहातले दिवे लावी, यंत्र उघडी, स्लाइड काढी. तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पिवळट ठिपका होता, धुळीचा. तो मी फुंकी, रुमालाने घासी, पुन्हा लावी. तोवर खुर्च्या सरकलेल्या असत, आणि बटाटेवड्याचा वास आलेला असे. ओव्हाळ स्टेजवर उभेच. माझ्याकडे बघून म्हणत, "असो. पुढचं." पुढचं म्हणजे आभारप्रदर्शन.

काळी स्लाइड गाळा, असं मी त्यांना किती वेळा सुचवलं. "राहू द्या," म्हणत.

एकदा व्याख्यानानंतर धोतरातले एक आजोबा त्यांच्यापाशी आले. "ओव्हाळ, आपण मूळचे कुठले?"

"वारज्याचा."

"ते राहायला हो. मूळचे?"

पुण्यात हा प्रश्न कशासाठी विचारतात ते ओव्हाळांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि आजोबांना तर होतंच. ओव्हाळांनी शाल नीट केली. "मूळचा आफ्रिकेतला. आपणही तिथलेच. आपलं निघणं जरा उशिरा झालेलं दिसतंय."

आजोबा वड्याकडे वळले. असलं उत्तर मला जन्मात सुचलं नसतं, या विचाराने मला तो वडा गोड लागला नाही.

परदेश बघून आल्यावर माणसं बदलतात म्हणतात. ओव्हाळांच्यात मी दोन बदल टिपले, आणि दोन्हींची यथेच्छ टिंगल केली. एक, चहा पिताना त्यांची उजवी तर्जनी ग्लासाला लागेना. सरळ वर उचललेली. मी सगळ्यांना नक्कल करून दाखवायचो, "साहेबलोकांत राहून आलेत, बोट वर करून चहा पितात." दुसरा बदल दिव्याचा. शेडच्या दारावर एक पिवळा दिवा होता. आमच्यापैकी कुणीही बाहेरच्या कामाला गेलं की ओव्हाळ तो लावून ठेवत. भर दुपारी. मी येताजाता बंद करी.

"अहो ओव्हाळ, डोक्यावर ऊन आहे!"

"तांबे खडकवासल्याला गेलेत. यायचेत अजून."

"मग ते काय दिवा बघत येणार आहेत?"

"नाही," ओव्हाळ म्हणत, आणि उठून पुन्हा लावत.

मी बाहेर गेलो की लावत का, हे बघायचं मला कधी सुचलं नाही. मी तर बाहेर असे ना.

वर्षं गेली. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आमच्या मागचे वाफे जाऊन तिथे पार्किंगवाले फ्लॅट आले, आणि शेडमध्ये संगणक. अशात त्या तळावरून निरोप आला, जुनं यंत्र थकलंय, नवं बसवायचंय. मी खाली मान घालून स्क्रू मोजत होतो. ओव्हाळ करंदीकरांना म्हणाले, "या खेपेला आपटे जातील. त्यांची फार दिवसांची इच्छा आहे."

इच्छा! मी कुणाला बोललो नव्हतो. चेहऱ्यावर पाटी लावल्यासारखी ती दिसत असणार. करंदीकर हो म्हणाले. मी पेढे वाटले. घरी मंगलने माझ्यासाठी स्वेटर घातला विणायला. पाठ झाली, एक बाही झाली. मी शेजाऱ्यांना आपणहून थांबवून सांगत होतो, "फोन लागणार नाही हं मला, मी ध्रुवाकडे."

आणि मग स्नेहल बोलली. स्नेहल ही आमची नवी सॉफ्टवेअरवाली, हुशार, कानात कायम काहीतरी वायर. मीटिंगमध्ये म्हणाली, "पण सर, जायचं कशाला? युनिट त्यांचे सोल्जर्स माउंट करतील. सेटिंग मी इथून लॉगिन करून देते ना. हाफ अ डे. एवढ्या थंडीत आपटे सरांना कशाला त्रास?"

तिच्या मनात खरोखरच माझी काळजी होती. त्याचाच जास्त राग आला. करंदीकरांनी तिकिटाचे वाचणारे पैसे ऐकले आणि विषय संपला. स्वेटर एका बाहीवर थांबला.

मी टेबलाशी येऊन बसलो. ओव्हाळ समोर. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं झालं, आपटे."

"काय बरं झालं?"

"तुम्ही हातमोजा काढला असतात."

आइस्क्रीमची आठवण! आज! माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. मी टेबलाचा माझा खण उपसला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला, पंखा तीनवर असलेल्या जागी, जाऊन बसलो. व्याख्यानांना जाणं बंद केलं. ओव्हाळ निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात माझ्या नावाचा पुकारा झाला, तर मी चहा सांगायला म्हणून बाहेर पडलो आणि चहाबरोबरच परत आलो.

नंतर मीही घरी बसलो. एक दिवस करंदीकरांचा फोन आला, "ओव्हाळांचं हृदय दमलंय. जाऊन या एकदा." दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी मंगलनेच स्कूटरची किल्ली हातात ठेवली.

वारज्यात हायवेच्या कडेला त्यांची इमारत, तिसरा मजला. मे महिना, दुपारची वेळ. ओव्हाळवहिनींनी दार उघडलं. शोकेसमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी काचेचं पांढरं अस्वल. ओव्हाळ खिडकीपाशी आरामखुर्चीत, अंगात तोच मरून स्वेटर, आता दोन मापं मोठा झालेला. पंखा एकवर.

"या, आपटे," ते म्हणाले, जणू मी कालच उठून गेलो होतो. मग वहिनींना म्हणाले, "अगं, पंखा तीनवर कर. पाहुणे उकडणारे आहेत."

अशा वेळी मी नको ते बोलतो. म्हणालो, "काय हो, ती काळी स्लाइड आहे का अजून?"

त्यांनी शेजारच्या खणातून काढून दिली. जवळच ठेवलेली होती. "खिडकीकडे धरा. बघा."

"काय बघू? काळंच आहे."

"खाली डावीकडे."

"ती धूळ आहे हो. किती सभांत पुसलीय मी ती!"

ओव्हाळ हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन आल्या, तरी हसत होते. "पुसत होतात? ती धूळ नव्हे, आपटे. ते दार आहे."

मग त्यांनी सांगितलं, थांबत, दम घेत. यंत्राचा खांब तळापासून लांब होता. मधे दोर बांधलेला. दोर धरून जायचं, दोर धरून यायचं. आणि तळाचा एकच कडक नियम. आपला माणूस बाहेर असेपर्यंत दारावरचा दिवा मालवायचा नाही.

"काम झालं, मागे वळलो," ओव्हाळ म्हणाले. "काही नव्हतं हो. आभाळ नाही, जमीन नाही. खाली बघितलं तर माझे पायसुद्धा नाहीत. आणि तेवढा एक ठिपका. जाडजूड मोज्यातून कॅमेऱ्याचं बटण दाबेना, मग मोजा काढला."

"तुम्ही?"

"मी."

"हात खिशात घालणारे तुम्ही?"

त्यांनी उजवी तर्जनी वर केली. टोकाला ती पांढरट, मेणासारखी होती. "याला तेव्हापासून गरम-गार कळत नाही. कॅमेराही तिथेच गोठला. एकच फोटो निघाला."

ग्लासापासून उचललेलं ते बोट. माझी सगळ्यांत गाजलेली नक्कल.

"पण का काढलात मोजा?"

"पुरावा मागितला होतात."

"अहो, थट्टा केली होती मी!"

"ते मला ठाऊक आहे की. पण तिथे उभं राहिल्यावर दुसरं कुणी आठवेना. वाटलं, हे आपट्यांनी बघायला हवं होतं."

मी स्लाइड पुन्हा खिडकीकडे धरली. उगाच, वेळ काढायला. "मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"सांगायला तोंड उघडलं," ओव्हाळ म्हणाले, "की तुम्ही दिवे लावत होतात."

आता इथे माझे डोळे भरून आले वगैरे लिहिलं तर शोभून दिसेल. तेही झालं, नंतर. पण सगळ्यात आधी मनात आलं ते असं, की या माणसाने चूकसुद्धा माझ्यापेक्षा चांगली केली. माझं बोट अडकलं ते आंब्याच्या आइस्क्रीमपायी. आणि यांचं? हेवा हा असा निर्लज्ज असतो. पायांत चप्पल घालेपर्यंत तो माझ्या बरोबर होता.

निघताना ओव्हाळ उठले. वहिनी नको नको म्हणत असताना भिंत धरत गॅलरीपर्यंत आले. मी खाली येऊन स्कूटर काढली आणि वर बघितलं. ते कठड्याला टेकून उभे होते. एक हात आत घालून त्यांनी काहीतरी चाचपलं, आणि त्यांच्या डोक्यावरचा गॅलरीतला दिवा लागला.

रणरणतं ऊन. हायवेवर ट्रक तापलेले. 'अहो, दिवा चालू राहिलाय!' असं ओरडायला मी तोंड उघडलंही होतं. मिटलं. वळणावर गेल्यावर मान वळवून पाहिलं. इतक्या उजेडात तो ठिपका दिसत होता की नव्हता, ते मी शपथेवर सांगणार नाही. हात मात्र केला.

घरी पोचल्यावर आधी फोन लावला. त्यांनीच उचलला.

"ओव्हाळ, पोचलो मी."

"बरं," ते म्हणाले, आणि पलीकडून बटण बंद केल्याचा टक असा आवाज आला.